भास्कराचार्यांची दहा अंकी संख्या : १,७६,६३,१९,०४९ ची रचना, रीत आणि श्रेय

प्रस्तावना

एक अब्ज शहात्तर कोटी त्रेसष्ट लाख एकोणीस हजार एकोणपन्नास ही संख्या वरवर पाहता कोणत्याही दहा अंकी संख्येसारखी दिसते. ती मूळ संख्या नाही, पूर्ण वर्ग नाही, आणि तिच्या अंकांच्या मांडणीत डोळ्यांत भरणारी कोणतीही संगती नाही. तरीही गणिताच्या इतिहासात तिला स्वतंत्र स्थान आहे. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये पूर्ण केलेल्या ‘सिद्धांतशिरोमणी’तील ‘बीजगणित’ या भागात ही संख्या एका उदाहरणाचे उत्तर म्हणून येते. हेच उदाहरण पुढे ५०० वर्षांनी, १६५७ मध्ये, फ्रेंच गणिती फर्मा याने आपल्या समकालीनांना आव्हान म्हणून घातले. भास्कराचार्यांच्या ग्रंथाची त्याला माहिती असल्याचा कोणताही पुरावा नाही.

पदवी वर्गात संख्या सिद्धांत शिकविताना या योगायोगाचा उल्लेख बहुधा होतो. तो होताना ‘आपल्याकडे हे आधीच माहीत होते’ असे एक वाक्य उच्चारले जाते आणि फळ्यावर पुढचे प्रमेय सुरू होते. ही संख्या कशी मिळाली, ती एवढी मोठी का आहे आणि तिचे श्रेय नेमके कोणाला द्यावयाचे, हे तीन प्रश्न तसेच राहतात. या तिन्ही प्रश्नांची उत्तरे परस्परांत गुंतलेली असून ती संख्येच्या रचनेतच सापडतात, असे दाखविण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी लागणारे गणित बेरीज, गुणाकार आणि भागाकार यांपलीकडे फारसे जात नाही. त्यामुळे गणितेतर विषयांच्या प्राध्यापकांनाही ते अडचणीचे वाटू नये.

प्रश्न आणि उत्तर

प्रश्न असा आहे. अशी कोणती पूर्णांकी वर्गसंख्या आहे की जिला ६१ ने गुणून त्यात १ मिळविला असता पुन्हा वर्गसंख्याच मिळते? अज्ञात संख्यांना ‘क’ आणि ‘ज’ म्हटल्यास समीकरण असे होते :

ज² = ६१ क² + १

जुन्या परिभाषेत या प्रकाराला ‘वर्गप्रकृती’ असे नाव आहे. ६१ ही ‘प्रकृती’, क हे ‘कनिष्ठ’ पद, ज हे ‘ज्येष्ठ’ पद आणि मिळवावयाची संख्या (येथे १) म्हणजे ‘क्षेप’. क = ० आणि ज = १ ही जोडी उघड आहे व म्हणून निरुपयोगी आहे. ती वगळल्यास सर्वांत लहान पूर्णांकी उत्तर येते ते असे :

क = २२,६१,५३,९८०
ज = १,७६,६३,१९,०४९

पडताळा घेतल्यास ज² = ३१,१९,८८,२९,८२,८६,०२,६४,४०१ आणि ६१ क² = ३१,१९,८८,२९,८२,८६,०२,६४,४०० असे येते. दोन एकोणीस अंकी संख्यांत केवळ एकाचा फरक राहतो. ‘लीलावती’मध्ये भास्कराचार्यांनी एक, दश, शत यांपासून सुरू होणारी स्थानांची जी यादी दिली आहे ती परार्धापाशी, म्हणजे एकावर १७ शून्ये, संपते. या उत्तराचा वर्ग ३१ परार्धांच्याही पुढे जातो. म्हणजे ग्रंथकर्त्याने ज्या स्थानांना नावे दिली त्या स्थानांच्या बाहेर त्याच्याच उत्तराचा वर्ग पोहोचला होता.

हे उत्तर चाचपडत सापडण्याजोगे आहे काय? कनिष्ठ पदाच्या जागी १, २, ३ असे आकडे क्रमाने घालून प्रत्येक वेळी वर्गमूळ निघते की नाही हे पाहावयाचे ठरविले, आणि एका तपासणीस एक मिनिट या वेगाने रात्रंदिवस काम केले, तर २२ कोटी ६१ लाखांपर्यंत पोहोचावयास सुमारे ४३० वर्षे लागतील. ११५० मध्ये बसलेला माणूस १५८० मध्ये उठेल. फर्माचा जन्मही तेव्हा झालेला नसेल. अर्थात हे उत्तर ज्याच्यापाशी आहे त्याच्यापाशी रीत असलीच पाहिजे. त्या रीतीचा पुरावा म्हणून संख्येच्या आकाराला महत्त्व आहे.

६१ च्या आसपासच्या प्रकृती पाहिल्यास हा आकार अधिकच चकित करतो. ६० साठी ३१² = ६० × ४² + १. ६२ साठी ६३² = ६२ × ८² + १. ६३ साठी तर ८² = ६३ × १² + १ इतके सोपे. ५९ साठी ज्येष्ठ पद ५३० आहे. मधल्या ६१ साठी मात्र ते एकदम अब्जावर जाते. १०० पर्यंतच्या कोणत्याही प्रकृतीचे सर्वांत लहान उत्तर एवढे मोठे नाही.

ब्रह्मगुप्ताची भावना

या समीकरणाचा पाया भास्कराचार्यांच्याही पाच शतके आधी घातला गेला होता. इ. स. ६२८ च्या ‘ब्राह्मस्फुटसिद्धांत’ या ग्रंथात ब्रह्मगुप्ताने ‘भावना’ नावाचा नियम दिला आहे. एकाच प्रकृतीची दोन उत्तरे हाती असतील, त्यांचे क्षेप वेगळे असले तरी चालतील, तर त्यांपासून तिसरे उत्तर तयार करता येते. नवे कनिष्ठ पद म्हणजे तिरकस गुणाकारांची बेरीज :

क = ज१ × क२ + ज२ × क१

नवे ज्येष्ठ पद म्हणजे ज्येष्ठांचा गुणाकार अधिक प्रकृतीने गुणलेला कनिष्ठांचा गुणाकार :

ज = ज१ × ज२ + ६१ × क१ × क२

आणि नवा क्षेप म्हणजे दोन्ही क्षेपांचा गुणाकार. आजच्या भाषेत हा (ज + क√६१) या स्वरूपाच्या संख्यांच्या गुणाकाराचा नियम आहे. ब्रह्मगुप्तापाशी √६१ सारख्या अपरिमेय संख्यांचे बीजगणित आजच्या रूपात नव्हते. पण तिचे कार्य त्याने पूर्णांकांकडून करवून घेतले. या नियमाने त्याने ९२ या प्रकृतीचे उत्तर काढले : ११५१² = ९२ × १२०² + १. हे उदाहरण एका वर्षाच्या आत सोडवील तो गणक, अशा आशयाचे विधानही त्याने जोडले आहे.

भावनेची मर्यादाही स्पष्ट आहे. ती हाती असलेल्या उत्तरांपासून नवी उत्तरे बनविते. सोयीचा क्षेप असलेले पहिले उत्तर मात्र कोठून तरी आणावे लागते. क्षेप १, −१, २, −२, ४ अथवा −४ यांपैकी असेल तर ब्रह्मगुप्ताच्या नियमांनी क्षेप १ पर्यंत जाता येते. तो तसा नसेल तर काय, हा प्रश्न उरतो.

चक्रवाल : एक पायरी आणि मग झेप

ती उणीव ‘चक्रवाल’ या रीतीने भरून निघते. कोणत्याही एका सोप्या उत्तरापासून सुरुवात करावयाची. त्याची ‘म’ या संख्येच्या साह्याने अशी भावना करावयाची की सर्व पदांना जुन्या क्षेपाने निःशेष भाग जाईल. अशा अनेक ‘म’ संख्यांपैकी जिचा वर्ग प्रकृतीच्या सर्वांत जवळ असेल ती घ्यावयाची. यामुळे क्षेप लहान राहतो आणि पुढच्या फेरीस नवे उत्तर मिळते. भाग जाण्याची अट पूर्ण करणारी संख्या कुट्टकाच्या रीतीने सापडते.

६१ साठी सुरुवात ८² = ६१ × १² + ३ अशी आहे. क्षेप ३. आता (१ × म + ८) या संख्येला ३ ने भाग जावा आणि म² ही ६१ च्या जवळ असावी, यासाठी म = ७ योग्य ठरतो. मग नवे कनिष्ठ पद (८ + ७) ÷ ३ = ५, नवे ज्येष्ठ पद (८ × ७ + ६१ × १) ÷ ३ = ३९ आणि नवा क्षेप (४९ − ६१) ÷ ३ = −४. पडताळा : ३९² = १५२१ आणि ६१ × ५² = १५२५.

केवळ एका फेरीत क्षेप −४ हाती आला, आणि येथे भास्कराचार्य चक्रवाल थांबवून ब्रह्मगुप्ताकडे वळतात. पदांना २ ने व क्षेपाला २ च्या वर्गाने, म्हणजे ४ ने, भागल्यावर कनिष्ठ ५/२, ज्येष्ठ ३९/२ आणि क्षेप −१ होतो. अपूर्णांक आल्याने ते बिचकत नाहीत. या जोडीची स्वतःशीच भावना केली की कनिष्ठ १९५/२, ज्येष्ठ १५२३/२, क्षेप १. या उत्तराची पहिल्या अपूर्णांकी जोडीशी भावना केली की अपूर्णांक नाहीसे होतात : कनिष्ठ ३८०५, ज्येष्ठ २९,७१८, क्षेप −१. आणि शेवटी याची स्वतःशी भावना :

क = २ × २९,७१८ × ३८०५ = २२,६१,५३,९८०
ज = २९,७१८² + ६१ × ३८०५² = ८८,३१,५९,५२४ + ८८,३१,५९,५२५ = १,७६,६३,१९,०४९

शेवटच्या ओळीतील दोन संख्या लागोपाठच्या आहेत हे वाचकांच्या लक्षात येईल. त्यांपैकी पहिली पूर्ण वर्ग आहे, दुसरी एका पूर्ण वर्गाची ६१ पट आहे. कागदावर ही सारी रीत सावकाश केली तरी अर्ध्या तासाच्या आत संपते. चारशे तीस वर्षांच्या ठिकाणी अर्धा तास, असा हा हिशेब आहे.

ब्रह्मगुप्ताकडे न वळता चक्रवालच पुढे चालू ठेवले तर काय होते, हेही पाहण्यासारखे आहे. क्षेपांची मालिका ३, −४, −५, ५, ४, −३, −१ अशी जाते, आणि त्यानंतर −३, ४, ५, −५, −४, ३, १ अशी परतते. परतीचा प्रवास म्हणजे जाण्याचीच मालिका, त्याच क्रमाने पण चिन्ह बदलून. चौदाव्या फेरीस क्षेप १ मिळतो. युरोपात पुढे प्रचलित झालेल्या परंपरित अपूर्णांकांच्या रीतीत याच उत्तरासाठी २२ पदे लागतात; कारण √६१ च्या अपूर्णांकाचा आवर्तकाळ ११ आहे आणि तो विषम असल्याने दोनदा फिरावे लागते. चक्रवालात ऋण क्षेप चालतो, म्हणून काही पायऱ्या आपोआप गाळल्या जातात.

संख्या मोठी का?

आता मघाच्या प्रश्नाकडे वळता येईल. ६० आणि ६२ ची उत्तरे दोन अंकांत संपत असताना ६१ चे उत्तर दहा अंकी का?

वरील आकडेमोडीतच याचे उत्तर आहे. संपूर्ण बांधकाम ३९ आणि ५ या दोन लहान संख्यांवर उभे आहे. आधुनिक भाषेत सांगावयाचे तर (३९ + ५√६१)/२ ही मूळ वीट होय. तिचे मूल्य ३९ पेक्षा किंचित अधिक आहे. परंतु ती दोन कारणांनी प्रश्नाचे उत्तर होऊ शकत नाही. एक, तिच्यात छेद २ आहे आणि प्रश्नाला पूर्णांक हवेत. तो छेद तिसऱ्या घातास जातो. दोन, तिचा क्षेप −१ आहे आणि प्रश्नाला +१ हवा. ते चिन्ह दुसऱ्या घातास सुधारते. दोन्ही अडचणी एकदम दूर व्हावयास सहावा घात लागतो. ३९ चा सहावा घात ३५१ कोटींच्या घरात जातो. त्याची निमपट १७५ कोटींहून अधिक. १,७६,६३,१९,०४९ ही संख्या तेथेच आहे.

म्हणजे या संख्येचा मोठेपणा एका अर्थी उसना आहे. लहान संख्येला दोन अटींतून जावे लागले म्हणून ती फुगली. मूळ वीट पहिल्याच फेरीत हाती आली, आणि ती हाती येताच ओळखली गेली, हे भास्कराचार्यांच्या सोडवणुकीचे मर्म होय. दहा अंकी उत्तराचे कौतुक करणारे लेख पुष्कळ आहेत. ३९ आणि ५ यांपाशी थांबणारे फार थोडे.

या रचनेमुळे संख्येचे अवयवही सहज पडतात. ३९ च्या वर्गाला ‘अ’ म्हटल्यास, म्हणजे अ = १५२१, ज्येष्ठ पद (अ + २) × [(अ + १)(अ + ३) ÷ २ − १] एवढे असते. हा ऋण ४ क्षेपासाठीचा ब्रह्मगुप्ताचाच नियम. त्यानुसार ज = १५२३ × ११,५९,७६३. यांपैकी १५२३ ही मूळ संख्या आहे आणि ११,५९,७६३ = ११ × ५९ × १७८७. म्हणून

१,७६,६३,१९,०४९ = ११ × ५९ × १५२३ × १७८७

चारही अवयव मूळ संख्या असून त्या भिन्न आहेत. संख्येला एकूण १६ विभाजक आहेत. कनिष्ठ पद याच्या अगदी उलट स्वभावाचे, लहान अवयवांनी गजबजलेले आहे : २२,६१,५३,९८० = २² × ३² × ५ × १३ × १२७ × ७६१, विभाजक १४४. देवळालीचे गणितप्रेमी शिक्षक द. रा. कापरेकर यांनी ज्यांना ‘हर्षद’ संख्या म्हटले, म्हणजे स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागल्या जाणाऱ्या संख्या, त्यांतही या कनिष्ठ पदाची गणना होते : अंकांची बेरीज ३६, आणि २२,६१,५३,९८० ÷ ३६ = ६२,८२,०५५. या गुणधर्माचा वर्गप्रकृतीशी काही संबंध नाही. दशमान पद्धतीतील ती एक गंमत आहे, आणि तिला गंमत म्हणूनच ठेवावे.

संबंध असलेला गुणधर्म वेगळा आहे. ज ÷ क हा भागाकार √६१ च्या इतका जवळ जातो की दशांश चिन्हानंतर १७ स्थळांपर्यंत दोन्ही सारखे असतात : ७.८१०२४९६७५९०६६५४३९. वर्गमूळ काढण्याची ही एक अचूक रीतच होय, आणि वर्गप्रकृतीचा एक व्यावहारिक उपयोग तेथे दिसतो.

फर्माचे आव्हान

फेब्रुवारी १६५७ मध्ये फर्माने फ्रेनिकल या गणितीला लिहिलेल्या पत्रात हाच प्रश्न आहे, आणि उदाहरणादाखल निवडलेल्या प्रकृती आहेत ६१ व १०९. फार त्रास पडू नये म्हणून लहान संख्या दिल्या आहेत, असे त्याने सोबत सुचविले होते. त्यातील मिस्कीलपणा आता उघड होतो. १०९ ची मूळ वीट (२६१ + २५√१०९)/२ अशी आहे : २६१² = ६८,१२१ आणि १०९ × २५² = ६८,१२५, क्षेप पुन्हा −४. म्हणजे ६१ प्रमाणेच येथेही सहावा घात लागतो. शंभराच्या आसपासच्या सर्व प्रकृतींतून नेमक्या या दोन प्रकृती सहज म्हणून उचलल्या गेल्या असतील, हे संभवत नाही. फर्मापाशी रीत होती असे मानावयास ही निवडच पुरेसे कारण आहे, जरी ती रीत त्याने लिहून ठेवली नाही.

इंग्लंडमध्ये ब्राउंकर आणि वॉलिस यांनी या आव्हानास उत्तर दिले. तो पत्रव्यवहार वॉलिसने १६५८ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे ऑयलरने ब्राउंकरची रीत चुकून जॉन पेल याच्या नावावर घातली आणि समीकरणाला ‘पेलचे समीकरण’ हे नाव चिकटले. पेलचा या सोडवणुकीशी नाव घेण्याजोगा संबंध नव्हता. रीत प्रत्येक प्रकृतीसाठी (ती स्वतः पूर्ण वर्ग नसेल तर) यशस्वी होतेच, याची पहिली सिद्धता लाग्रांजने १७६८ मध्ये लिहिलेल्या निबंधात दिली. भास्कराचार्यांच्या ग्रंथाचे पर्शियन भाषांतर शाहजहानच्या काळात, १६३४-३५ मध्ये, अताउल्ला रुश्दी याने केले होते. पण इंग्रजी वाचकांपर्यंत ‘बीजगणित’ पोहोचले ते १८१३ मध्ये स्ट्रेचीच्या (पर्शियनवरून केलेल्या) आणि १८१७ मध्ये कोलब्रुकच्या (संस्कृतवरून केलेल्या) भाषांतराने. तोवर लाग्रांजचा निबंध जुना झाला होता.

श्रेयाचा प्रश्न

पेलच्या नावाचा अन्याय सांगताना एक गोष्ट सोयीने विसरली जाते. चक्रवालाला ‘भास्कराचार्यांचा शोध’ म्हणणे हीदेखील त्याच जातीची चूक आहे. लोक या रीतीला चक्रवाल म्हणतात अशा आशयाचे भास्कराचार्यांचेच शब्द आहेत. नाव आधीपासूनचे होते हे त्यावरून दिसते. १९५४ मध्ये कृपाशंकर शुक्ल यांनी उदयदिवाकराच्या १०७३ मधील ‘सुंदरी’ या टीकेतील उतारा प्रकाशात आणला. त्यात जयदेव नावाच्या गणितीचे वर्गप्रकृतीवरील श्लोक उद्धृत केलेले असून चक्रवालाची रीत त्यांत आहे. म्हणजे जयदेव भास्कराचार्यांच्या निदान काही दशके आधीचा. त्याचे स्वतंत्र पुस्तक उपलब्ध नाही. दुसऱ्याच्या टीकेत तो उरला आहे.

मग भास्कराचार्यांचे काय? ६१ या प्रकृतीची निवड, एका फेरीनंतर चक्रवाल सोडून भावनेकडे जाण्याचा निर्णय, आणि मधल्या अपूर्णांकांना न घाबरता ते शेवटास नेणे, ही त्यांच्या ‘बीजगणिता’तील सोडवणूक आहे. तिच्याच शेजारी ६७ या प्रकृतीचे उदाहरण आहे (४८,८४२² = ६७ × ५९६७² + १). शिकविण्यासाठी उदाहरण कसे निवडावे याचा हा नमुना होय. सिद्धता मात्र त्यांनी दिलेली नाही. रीत नेहमीच क्षेप १ पर्यंत पोहोचते, असे त्यांनी गृहीत धरले. ते खरे निघाले, पण त्याची कारणमीमांसा अ. अ. कृष्णस्वामी अय्यंगार यांनी १९२९-३० मध्ये केली आणि चक्रवाल ही युरोपीय रीतीची नक्कल अथवा तिचे अपुरे रूप नसून स्वतंत्र प्रक्रिया आहे, हेही दाखविले. १९७५ मध्ये सेलेनियस याने याच विषयाचे विस्तृत विवेचन केले. ‘आपल्याकडे सिद्ध झाले होते’ असे म्हणणाऱ्याने रीत आणि सिद्धता यांतील अंतर पुसून टाकलेले असते. त्याने भास्कराचार्यांचा मान वाढत नाही. अय्यंगार यांच्या कामाचा मात्र विसर पडतो.

ब्रह्मगुप्त राजस्थानातील भिनमाळशी जोडला जातो, जयदेवाचा प्रदेश ठाऊक नाही, उदयदिवाकराची टीका दुसऱ्याच ग्रंथावरची, आणि भास्कराचार्य सह्याद्रीच्या आश्रयाने असलेल्या विज्जडविड या गावचे. हे गाव कोणते यावर मतभेद आहेत. धाराशिवच्या शेजारचे बीड, कर्नाटकातील विजापूर आणि चाळीसगावजवळचे पाटण अशी नावे पुढे आली आहेत. पाटणच्या बाजूने एक भक्कम साधन आहे ते तेथील शिलालेखाचे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणलेला हा लेख १२०७ मधील असून त्यात भास्कराचार्यांच्या घराण्याची वंशावळ त्रिविक्रमापासून दिली आहे. त्यांचा मुलगा लक्ष्मीधर यादव राजा जैत्रपाल याच्या दरबारी पंडित होता; नातू चांगदेव हा सिंघण यादवाचा ज्योतिषी. नर्मदेपासून तुंगभद्रेपर्यंत पसरलेल्या या यादव राज्यात आजचा धाराशिव जिल्हाही मोडत होता. चांगदेवाने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला आणि स्थानिक निकुंभ राजा सोइदेव याने त्यास देणगी दिली. शिलालेखाचा शेवटचा, देणग्यांचा तपशील सांगणारा भाग संस्कृतात नाही; तो तत्कालीन लोकभाषेत, जुन्या मराठीत आहे. कोणी किती द्यावयाचे हे ज्यांना समजणे आवश्यक होते त्यांच्यासाठी तो लिहिला गेला असावा.

वर्गातील पडताळा

हे उदाहरण वर्गात घेणाऱ्या अध्यापकास एक अडचण हमखास येते. विद्यार्थी गणकयंत्रावर अथवा भ्रमणध्वनीवर ज² − ६१क² काढून पाहतो आणि उत्तर ० येते. कारण उघड आहे. सामान्य गणकयंत्र दहा-बारा अंकांपर्यंत आणि संगणकावरील नेहमीची कोष्टके पंधरा अंकांपर्यंत अचूक असतात. येथे फरक एकोणिसाव्या अंकात आहे. यंत्राच्या दृष्टीने दोन्ही संख्या एकच. ६१ ला पूर्ण वर्ग ठरविणारे हे उत्तर चुकीचे आहे हे विद्यार्थ्याला पटते, पण खरे उत्तर १ आहे हे त्याला यंत्र दाखवू शकत नाही.

अशा वेळी संख्येची रचना उपयोगी पडते. ८८,३१,५९,५२४ ला ‘न’ म्हटल्यास ज = २न + १. म्हणून ज² = ४न(न + १) + १. दुसरीकडे न = २९,७१८² आणि न + १ = ६१ × ३८०५², म्हणून ६१क² = ६१ × ४ × २९,७१८² × ३८०५² = ४न(न + १). फरक १. एकोणीस अंकी गुणाकार करण्याची गरजच उरत नाही. तपासावयाचे एवढेच की २९,७१८ चा वर्ग ८८,३१,५९,५२४ आणि ३८०५ च्या वर्गाची ६१ पट ८८,३१,५९,५२५ येते. हे दोन्ही गुणाकार दहा अंकी गणकयंत्रात मावतात.

याच रीतीने १०९ चे उदाहरण गृहपाठास देता येते. सुरुवातीस २६१ आणि २५ ही जोडी द्यावी व क्षेप −४ असल्याचे विद्यार्थ्याकडूनच तपासून घ्यावे. ‘अ’ च्या जागी ६८,१२१ घालून वरील नियम चालविला असता ज्येष्ठ पद १५,८०,७०,६७,१९,८६,२४९ आणि कनिष्ठ पद १,५१,४०,४२,४४,५५,१०० येते. फर्माच्या पत्रातील दुसऱ्या प्रश्नाचे हे सर्वांत लहान उत्तर होय.